पुन्हा पहिल्यापासून

३ सप्टेंबर, मंगळवार

सासूबाईंनी माझ्या वर्गात नाव घातलं! मला न विचारता, काउंटरवर रांगेत उभ्या राहून, रीतसर. संध्याकाळी वर्गात शिरते तर पहिल्या रांगेत ह्या. मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात, आणि चेहऱ्यावर 'आपली ओळख नाही बरं का' असा भाव.

घरी मी 'अगं', वर्गात 'मॅडम' — असं त्यांनी परस्पर ठरवलंय. सगळ्यांदेखत मला मॅडम म्हणाल्या. अंगावर काटाच आला.

कुठलं वाद्य हवं विचारलं तर म्हणाल्या, 'जे सगळ्यांना ऐकू जाईल ते.' ट्रँगल दिला. लोखंडाचा त्रिकोण, दोरी आणि एक कांडी. 'एवढंच?' एवढंच, म्हटलं. अख्ख्या पानात तीनदा वाजवायचा. घरी येईपर्यंत माझ्याशी बोलल्या नाहीत.

नवऱ्याला सांगितलं तर तो हसत सुटला. त्याचं काय जातंय!

५ सप्टेंबर, गुरुवार

दारावर नवी पाटी लागली. 'प्रमुख, शिक्षण व समाज-उपक्रम विभाग.' विभाग म्हणजे मी. पाटी दारापेक्षा रुंद निघाली, म्हणून सुताराने ती भिंतीवर ठोकली. आता येणारे-जाणारे भिंतीला प्रमुख समजतात. काही बिघडत नाही, भिंतही माझ्याएवढंच ऐकून घेते.

ऑफिस एवढंसं की खुर्ची वळवायची तर आधी उठावं लागतं. दारामागे माझा चेलो (व्हायोलिनचा थोरला भाऊ, जवळजवळ माणसाएवढा), त्याच्या कडक पेटीत, चाकांवर उभा. वर्गातल्या सगळ्यांचे कोट, मफलर, छत्र्या त्या पेटीवर. दुसरी जागाच नाही. वर्ग सुटला की आमचे लिफ्टवाले (जन्मभर लिफ्टा दुरुस्त केल्या, आता निवृत्त, आता क्लॅरिनेट) तो सगळा डोंगर ढकलत वर्गात आणतात आणि ज्याचा त्याला कोट वाटतात. हल्ली मीही माझा कोट तिथेच अडकवते.

एके काळी मी ह्याच इमारतीत वरच्या मोठ्या स्टेजवर वाजवायचे. मग सहा महिन्यांसाठी म्हणून ही नोकरी घेतली. तेव्हा लेकीला पहिला दात येत होता. आता तिला अक्कलदाढ येतेय.

१० सप्टेंबर, मंगळवार

मीटिंग. आमच्या अध्यक्षबाई परदेशातून कुठलंसं शिबिर करून आल्यात. तळघरातली वर्गाची खोली त्यांना हवी आहे. कशासाठी? शांततेच्या खोलीसाठी! संगीताच्या इमारतीत शांततेची खोली. माणसांनी येऊन गालिचावर बसायचं आणि काहीही ऐकायचं नाही.

मी म्हटलं, पण तिथे मोठ्या माणसांचा संध्याकाळचा वर्ग चालतो. त्या म्हणाल्या, हो, त्याचा आवाज वरपर्यंत येतो, त्यावरूनच तर कल्पना सुचली.

बरीच हुज्जत घातली. शेवटी एवढं पदरात पडलं — वार्षिक कार्यक्रमात वर्गाने स्टेजवर वाजवायचं, अध्यक्षबाई ऐकणार आणि मग ठरवणार. म्हणजे वर्ग राहतो की गालिचा येतो, ते माझ्या मंडळींच्या हातात. आणि त्यांच्या हातात सध्या काय आहे ते मला पक्कं ठाऊक आहे. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

१२ सप्टेंबर, गुरुवार

वर्गाला सांगितलं. मला वाटलं, चिडतील. सगळे आपापली वाद्यं पुसत बसले. ते जास्त वाईट.

डॉक्टरीणबाई (दातांच्या, व्हायोलिन) हळूच म्हणाल्या, 'दिवसभर लोक मला बघून कुरकुरतात हो. इथे निदान मी कुरकुर करते.' बेकरीवाले (बासरी) म्हणाले, पहाटेपासून भट्टीपुढे उभा असतो, संध्याकाळी ह्या खोलीत बसायला मिळणार म्हणून तर उभा राहवतं. लिफ्टवाले काही बोलले नाहीत. त्यांची बायको गेल्यापासून मंगळवार-गुरुवारखेरीज ते कुणाशी बोलतात असं मला वाटत नाही.

ही खोली जाता कामा नये. बस्स.

वाजवायचं काय, प्रश्नच नाही. आम्हाला एकच रचना येते. तीसुद्धा एकच पान. दुसऱ्या पानावर सुरुवातीला एकटा चेलो आहे, बाकी सगळे गप्प. मग सगळ्यांनी परत पहिल्या पानाची चाल घ्यायची. वर्गात चेलोवाला कोणी नाही, म्हणून दुसऱ्या पानाच्या झेरॉक्स मी काढल्याच नाहीत. उगाच कागद कशाला! पहिलं पान संपलं की मी हात वर करते आणि म्हणते, 'छान. पुन्हा पहिल्यापासून.' कधी छान नसतं, तरी म्हणते.

१७ सप्टेंबर, मंगळवार

तालीम. सासूबाईंनी ट्रँगल चारदा वाजवला. तीनदाच आहे, म्हटलं. 'हात मोकळाच होता, मॅडम.' दुसऱ्या खेपेला सहादा. तिसऱ्या खेपेला मी नुसतं बघितलं, तर तीनदाच वाजवला, पण तिन्ही एकदम!

घरी त्या भाजीच्या पातेल्यावर सराव करतात. नवरा आता हसत नाही.

बेकरीवाल्यांच्या बासरीतून पिठाचा ढग निघतो. डॉक्टरीणबाई वाजवताना आ करतात, आणि त्यांच्याकडे बघून समोरची सगळी रांग आ करते. लिफ्टवाल्यांचं क्लॅरिनेट किंचाळलं की ते थांबून त्याच्या सांध्याकडे संशयाने बघतात. खिशात तेलाची कुपी असते. मी ती काढून घेतली.

एक गोष्ट मात्र खरी. पहिलं पान जिथे संपतं तिथे चाल संपत नाही, लटकते. डॉक्टरीणबाई म्हणाल्याच, 'मॅडम, हे दात अर्धा हलवून पेशंटला घरी पाठवल्यासारखं वाटतं.' मी म्हटलं, आधुनिक संगीतात चालतं असं. उचलली जीभ लावली टाळ्याला!

२२ सप्टेंबर, रविवार

सासूबाईंनी धूळ झटकता झटकता माझी मूळ प्रत शोधून काढली. पान उलटून म्हणाल्या, 'अगं, ह्यात तर पुढेही आहे.'

घरी असल्यामुळे 'अगं'. म्हटलं, ते चेलोचं आहे.

'मग तुझंच की.'

मला वेळ कुठाय, म्हटलं. अहवाल, मीटिंगा, पाटी, गालिचा. त्यांनी फडकं खाली ठेवलं.

'वेळ नाही म्हणणारी पुष्कळ माणसं पाहिली मी. त्यातली निम्मी घाबरलेली असतात.'

मी तडक स्वयंपाकघरात गेले आणि घासलेली पातेली परत घासली. राग आला. फार आला. खोटं बोलल्या असत्या तर एवढा आला नसता. मला वाजवून बघायची भीती वाटते. पूर्वीचं वाजवणं कानात अजून आहे. आता जे निघेल ते त्याच्या शेजारी ठेवून ऐकायचा धीर होत नाही. लिहून टाकलं. आता बास.

२६ सप्टेंबर, गुरुवार

वर्ग चालू असताना पाणी प्यायला म्हणून ऑफिसात गेले. पेटीवरचा बेकरीवाल्यांचा कोट काढला. डॉक्टरीणबाईंचा काढला. तिसऱ्याखाली खटका दिसला. सगळे परत घातले. पाणी प्यायले.

१ ऑक्टोबर, मंगळवार

तालमीच्या ऐन मध्यात गालिचावाला आला. खोलीचं माप घ्यायला! 'तुमचं चालू द्या,' म्हणाला आणि टेप घेऊन रांगत फिरला. लिफ्टवाल्यांनी क्लॅरिनेट तोंडात तसंच ठेवून दोन्ही पाय वर उचलले. सासूबाईंनी पाय उचलले नाहीत. त्यांनी त्याच्या कानापाशी ट्रँगल वाजवला. पानात नसलेल्या जागी. मी काही बोलले नाही.

अध्यक्षबाईंचा निरोप — रंग राखाडी ठरलाय. म्हणजे ह्यांचं ठरलंच आहे की काय? घरचं झालं थोडं अन् व्याह्याने धाडलं घोडं — संध्याकाळी नवरा म्हणतो, तालमीला मीही येऊन बसू का. नको, म्हटलं.

८ ऑक्टोबर, मंगळवार

स्टेजवर पहिली तालीम. दिवे लागले आणि सगळे आपापली वाद्यं विसरले. डॉक्टरीणबाईंनी व्हायोलिन उजव्या खांद्यावर घेतलं. बेकरीवाले खुर्ची समजून ढोलावर बसले. ढोल आमचा नव्हता.

तरी पान पार पडलं. मग तेच — चाल लटकली, मी हात वर केला, सवयीने म्हणाले, 'छान. पुन्हा पहिल्यापासून.' कार्यक्रमात असं म्हणू नये हे लक्षात ठेवायचं. तिथे नुसतं वाकून नमस्कार.

११ ऑक्टोबर, शुक्रवार

वाजवायचं त्यांना. धडधड मला.

१२ ऑक्टोबर, शनिवार

झालं. आज लिहवत नाही. बोटांना फोड आलेत. उद्या!

१३ ऑक्टोबर, रविवार

आता सगळं नीट लिहिते, नाहीतर मलाच खरं वाटणार नाही.

माझ्या ऑफिसात नाचणाऱ्या मुलींचे कपडे ठेवले होते, म्हणून दारामागची पेटी सकाळीच हलवून स्टेजच्या कडेला पडद्यामागे ठेवली होती. आले तसे सगळ्यांनी कोट तिथेच टाकले. माझं तिकडे लक्षही नव्हतं. अध्यक्षबाई पहिल्या रांगेत, शेजारी गालिचावाला! नमुन्याचा तुकडा मांडीवर घेऊन. नवरा शेवटच्या रांगेत, दाराजवळ. पळता यावं म्हणून असेल.

सुरुवात बरी झाली. बरी म्हणजे सगळे एकाच वेळी सुरू झाले. डॉक्टरीणबाईंचा आ झाला, पहिल्या रांगेचाही झाला. सासूबाईंनी बरोब्बर तीनदा वाजवला, तोही जागच्या जागी, आणि तिसऱ्यांदा वाजवून माझ्याकडे असं बघितलं की मला ओरडून शाबासकी द्यावीशी वाटली. पान संपलं. चाल लटकली. मी हात वर केला आणि वळून वाकले.

टाळी नाही. एकही नाही. लोक वाट बघत होते. त्यांनाही कळत होतं की हे संपलेलं नाही. अध्यक्षबाईंनी मान तिरकी केली आणि गालिचावाल्याने तुकडा नीट घडी घालून पिशवीत ठेवला, काम झाल्यासारखा. गेली खोली, असं वाटलं.

आणि तेवढ्यात मागे चाकांचा आवाज झाला.

लिफ्टवाले. क्लॅरिनेट काखेत आणि दोन्ही हातांनी माझ्या चेलोची पेटी ढकलत स्टेजच्या मधोमध येत होते! माझ्यापुढे आणून थांबले. शांतपणे एकेक कोट काढून ज्याचा त्याला दिला. शेवटी माझा कोट काढून माझ्या हातात दिला, आणि पेटी उघडी पडली. काळी, ओरखड्यांची, माझी.

मी सासूबाईंकडे बघितलं. त्या उठून उभ्या होत्या. त्यांनी डोळ्यांनी खूण केली. चल.

तेव्हा कळलं. ह्या लोकांनी ठरवलं होतं! सासूबाईंनी दुसऱ्या पानाचं सगळ्यांना सांगितलं असणार. मला पत्ता लागू न देता, सगळ्यांनी मिळून. माझ्यासाठी!

खटके उघडले. आत चेलोबरोबर एक बाळाचा मोजा निघाला. लेकीचा, पिवळा. त्यानेच धूळ पुसली. खुंट्या घसरत होत्या, तारा जुळवता जुळवता एक तुटून गालाला लागली. तोवर बेकरीवाल्यांनी कोट अंगात घालून बटणंही लावली होती. उरलेल्या तीन तारांवर दुसरं पान वाजवलं.

कसं वाजलं? वाईट. मध्ये एकदा सूर घसरला तो पायऱ्यांवरून पडल्यासारखा खालपर्यंत गेला. पूर्वीचं जे कानात आहे त्याच्या जवळपासही नव्हतं. पण पुढचा सूर आला, त्याच्या पुढचा आला, आणि मला मधेच लक्षात आलं की मी तुलना करायची विसरलेय. इतका आनंद मला कधी झाला होता, आठवत नाही. वाजवता वाजवता रडत होते, शेंबूड पुसायला हात मोकळा नव्हता.

माझं संपत आलं तसं मी मान वर केली आणि, तोंडातून गेलंच — 'पुन्हा पहिल्यापासून!' सगळे एकमेकांकडे बघून पटापट बसले. कोट घातलेले, मफलर बांधलेले, एकाच्या हाताला छत्री लटकलेली. आणि जे वाजवलं! एवढं चांगलं ते कधीच वाजवत नाहीत. सासूबाई चारदा वाजल्या. चौथा फार छान होता. ह्या वेळी चाल लटकायला आली तेव्हा खालून मी शेवटचा सूर धरला आणि ती टेकली.

टाळ्या. शेवटच्या रांगेत नवरा खुर्चीवर चढून वाजवत होता. तो पळाला नव्हता.

अध्यक्षबाई आत आल्या, डोळे ओले. 'ती कोटांची कल्पना! माणसं निघालीत, कोट घातलेत, आणि संगीत त्यांना परत बसवतं. केवढं धाडस! किती महिने बसवत होतात?' मी म्हटलं, कल्पना वर्गाची. ह्यावेळी खरं बोलले.

वर्ग राहणार! तिथल्या तिथे सांगितलं त्यांनी. गालिचा मात्र कापून आलाय, तो कुठेतरी घालायलाच हवा, म्हणून शांततेची खोली माझ्या ऑफिसात. माझं टेबल आता वर्गात. पाटी भिंतीवर तशीच राहील. शांतता-खोलीची प्रमुख ती.

१५ ऑक्टोबर, मंगळवार

बेकरीवाल्यांनी केक आणला. मी आभार मानायला उभी राहिले. 'तुम्ही सगळ्यांनी मिळून माझ्यासाठी जे ठरवलंत' — एवढं म्हटलं आणि ढसाढसा रडले. सगळे एकमेकांकडे बघायला लागले.

लिफ्टवाले म्हणाले, 'काय ठरवलं, मॅडम?'

पान संपलं आणि मी 'पुन्हा पहिल्यापासून' म्हटलं नाही, म्हणजे वर्ग सुटला, असं त्यांना वाटलं होतं. मी वाकले, म्हणून कोट आणले. रोजच्यासारखे. दुसरं पान असतं हे सासूबाईंखेरीज कुणाला माहीत नव्हतं, आणि त्या कुणाला बोलल्या नव्हत्या. आत वाद्य आहे हेही नाही. लिफ्टवाल्यांना ते कोटांचं स्टँड वाटत होतं. 'जरा जड, पण मजबूत.' सासूबाईंना विचारलं, मग ती खूण? 'चल घरी, म्हणत होते. पाय दुखत होते माझे.'

आता कोट कुठे अडकवायचे, लिफ्टवाल्यांनी विचारलं. खुर्च्यांवर टाका म्हटलं, पेटी मला लागते.

म्हणजे मला वाजव असं कोणी म्हटलंच नव्हतं. पेटी माझी मीच उघडली.